तडकलेला आरसा आणि गोगलगाय

आरसा

आरसा दुकानातून निघाला तेव्हा अखंड होता, याला चार माणसं साक्षी आहेत. नृत्यवर्गाच्या दारात उतरवला तेव्हा त्याच्या खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत एक बारीक रेघ गेली होती, केस चिकटावा तशी. पुसायला गेलं तर बोटाला टोचली.

मधे काय होतं? एक पिकअप गाडी, एक चढ आणि एक ड्रायव्हर.

गुन्हेगार शोधायला लांब जायला नको, असं सगळ्यांना वाटलं. या प्रकरणातला पहिला खोटा पुरावा म्हणजे हे वाटणं. त्याआधी त्याच गाडीत एकदा खिडकीची काच तडकली होती, एकदा टेबलाची. दुकानाच्या मालकीणबाईंनी ड्रायव्हरला काउंटरसमोर उभं केलं आणि गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, की तुमच्या पायाला अक्कल नाही, शनिवारी चावी ठेवा आणि दुसरीकडे बघा.

ड्रायव्हरला सगळे गोगलगाय म्हणत. तो इतका हळू चालवायचा की सायकलवाले ओलांडून जाताना मागं वळून हसायचे. असा माणूस पाय दाबून काचा फोडतो, हे कुणाला विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तो एवढंच म्हणाला, "बाई, गाडी थरथरते. मी नाही."

कुणी ऐकलं नाही. म्हणून तो गाडी घेऊन रस्त्याच्या टोकाच्या गॅरेजवर गेला.

आत्या

गॅरेज एका बाईचं होतं. काचेच्या दुकानातली मुलं तिला आत्या म्हणत, मग सगळा रस्ताच म्हणू लागला. मालकीणबाई तिच्या वहिनी, वारलेल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजयींचं बोलणं बंद होतं. म्हणजे निरोप जात. चहावाला, शिंपी, कुरियरवाला, जो मधे सापडेल त्याच्या तोंडून. भांडण कशावरून, हे दोघींनाही धड सांगता आलं नसतं. भावाचं हत्यारांचं कपाट कुणी ठेवायचं, असं काहीतरी होतं.

आत्याचा स्वभाव संशयी. कुणी हसून नमस्कार केला तर ती आधी त्याच्या गाडीखाली तेल गळतंय का बघायची. तिचं म्हणणं होतं, की खोटं माणूसही बोलतो आणि गाडीही. पण गाडीला दहादा विचारलं तर ती दहादा तेच सांगते.

तिनं चावी घेतली आणि ड्रायव्हरला शेजारी बसवलं. मागं दुकानाचा माल भरलेलाच होता. तो सरळ सांगतोय की नाही, हे तिला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

जबाब: इंजिन, चाकं आणि मंडळी

इंजिन. गाडी उभी, गिअर काढलेला, पाय दाबून आवाज चढवला. सीट शांत, स्टिअरिंग शांत. इंजिन निर्दोष. निदान आज तरी.

चाकं. सरळ रस्त्यावर वेग धरला आणि पाय उचलला. गाडी लोण्यावर सुरी फिरावी तशी गेली. चाकात दोष असता तर पाय उचलल्यावरही थरथर राहिली असती, कारण चाकाला पायाशी काय देणंघेणं? वेग आहे तोवर ते कुरकुरणार.

मग तिनं गाडी थांबवली आणि पहिल्या गिअरमधून उचलली. सीटखालून घर्र्र झालं, शेजारच्या खोलीत कुणी लोखंडी खाट ओढावी तसं. पाय सोडला, खाट थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा ओढली.

म्हणजे गुन्हेगार गिअरबॉक्स आणि मागची चाकं यांच्यामध्ये राहतो. आणि फक्त जोर जाताना हात चालवतो.

त्या गल्लीत राहणारे मोजकेच. इंजिनाची ताकद मागं नेणारा लांब दांडा, त्याच्या टोकांना फुलीच्या आकाराचे सांधे, ज्यांना सगळे क्रॉस म्हणतात, मधलं बेअरिंग, आणि मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा ॲक्सल. आत्या गाडीखाली शिरली. बेअरिंग हलवून पाहिलं, घट्ट. मागचा क्रॉस पिळला. टिक्.

तिला हवी होती तेवढीच ती टिक् होती. तिनं माल उतरवून नवा क्रॉस बसवला, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवली. खाट नाही, काही नाही. चहावाल्याला हाक मारून तिनं, रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, निरोप दिला: सांगा तुमच्या बाईंना, चोर पकडला.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानाच्या दाराची काच निघाली. त्याच चढावर तडकली.

आत्या चुकली

होय. आणि तिच्या चुकीची शिक्षा तिला झाली नाही.

वहिनींनी शनिवारची वाट पाहिली नाही. नणंदेच्या गॅरेजात गाडी दुरुस्त झाली, तरी काच फुटली, म्हणजे दोष गाडीत नव्हताच, माणसात आहे. हिशेब सरळ होता, आणि त्याला आधार आत्याच्याच निरोपाचा होता. ड्रायव्हरनं चावी काउंटरवर ठेवली. चालत घरी गेला.

आत्यानं चोर पकडला नसता, तर त्याची नोकरी शनिवारपर्यंत तरी टिकली असती.

जबाब: भाचा

काचा कापायचं काम वहिनींच्या मुलाकडे. आत्या मागच्या दारानं कारखान्यात गेली. तडकलेला आरसा भिंतीला टेकून होता. ती गुडघ्यावर बसली आणि रेघ कुठून निघते ते बघू लागली.

खालच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, नखाच्या चिरीएवढी खोक होती.

ती निघताना नव्हती, असं भाचा म्हणाला. तिनं विचारायच्या आत म्हणाला. आत्यानं मान वर केली. मग हळूहळू बाहेर आलं, की ती कड भिंतीकडे जाणार होती, दिसणार नव्हती, म्हणून त्यानं ती घासून गुळगुळीत केली नव्हती.

"माझ्यावर संशय घेतेस, आत्या?"

तिनं सांगितलं की स्वतःची सावली पुढं चालायला लागली तर ती सावलीवरही घेते.

पण बाहेर पडताना तिला पटलं नव्हतं. भाचा आळशी होता, पण तो काही या महिन्यात आळशी झाला नव्हता. खोक पडलेल्या काचा याआधीही त्याच गाडीतून धडधाकट गेल्या होत्या. खोक दार उघडं ठेवते. आत येणारा कुणी दुसराच असतो.

जबाब: जावई

वहिनींचा जावई काउंटरवर बसतो, ऑर्डरी घेतो. त्याच्या एका मित्राची बंद डब्याची गाडी आहे, आणि काचा पोचवायचं काम बाहेर द्यावं, असं तो सासूबाईंच्या कानाशी रोज म्हणतो. आत्याला हे माहीत होतं, कारण शिंप्याला माहीत होतं.

जावयानं खुर्ची दिली. पाणी विचारलं. ड्रायव्हरबद्दल त्याला फार वाईट वाटत होतं म्हणे, "पण आत्या, गोगलगाय आणि पोटात पाय. वरून दिसतो तसा नाही तो."

ही गाडी तू कधी चालवलीस का, असं तिनं विचारलं. तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, एकदाच, ड्रायव्हरच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. कशाला? हवा भरायला.

आत्या उठली. समोरच्या शिंप्यानं तिला आधीच सांगितलं होतं, की त्या दिवशी गाडी सकाळी गेली ती दुपार टळल्यावर आली. एवढ्या वेळात हवा भरत नाही, बदलते.

जबाब: गोगलगाय

ड्रायव्हर घरी आईच्या डोळ्यांत थेंब घालत होता. म्हातारीनं मान वर करून धरली होती आणि तशाच अवस्थेत आत्याला बसायला सांगितलं.

आत्यानं माफी मागितली नाही, तिला ते जमत नसे. तिनं विचारलं, थरथर कधीपासून? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून. कुठं? उचलताना, चढाला जास्त, आणि गाडी भरलेली असली की फारच. रिकामी असली तर कळतही नाही.

रिकामी. आत्यानं ओठ चावला. तिनं रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवून ढोल वाजवला होता.

आणखी काही बदललं का? ड्रायव्हरनं बाटलीचं झाकण लावलं. "एक चांगलं झालं. खड्ड्यात गाडी आपटायची ती बंद झाली. पाळण्यासारखी झुलते."

हे आधी का नाही सांगितलंस, म्हणून ती जवळजवळ ओरडली. तो म्हणाला, सगळे वाईट काय ते विचारत होते. चांगलं कुणी विचारलंच नाही.

तिला त्याचाही संशय आला, क्षणभर. इतकं साधं उत्तर तयार ठेवणारा माणूस बघून ठेवावा. पण म्हातारीचा बंद डोळा, हातातली बाटली आणि कोपऱ्यात नीट घडी करून ठेवलेला दुकानाचा निळा शर्ट. घडी परत द्यायच्या कपड्याची होती.

पुट्टी

काचेच्या कारखान्यात एक वस्तू हवी तेवढी मिळते: खिडकीत काच बसवायची पुट्टी. आत्यानं मूठभर आणली.

मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गड्डा असतो, त्याला पुढं नाक असतं. इंजिनाकडून येणारा दांडा त्या नाकाला जोडलेला. आत्यानं गाडीच्या सांगाड्याला, चॅसीला, एक फळी बांधली, ती नाकाच्या वर बोटभर येईल अशी, आणि फळीच्या खाली पुट्टीचा गोळा चिकटवला. रिकामी गाडी उचलली. गोळा गोल.

मग भाच्याला सांगून गाडीत मोडक्या काचांच्या पेट्या भरल्या, त्यालाच चालवायला बसवलं आणि चढावर एकदाच उचलायला लावली. घर्र्र. ती खाली वाकली.

गोळ्याची पोळी झाली होती. नाकाचा ठसा त्यात स्पष्ट.

म्हणजे जोर लागला की मागचा ॲक्सल मुरगळत होता, नाक वर काढत होता. नाक वर गेलं की दांडा वाकड्या कोनात फिरणार, आणि वाकड्या कोनात क्रॉस सरळ फिरत नाही, लंगडतो. ते लंगडणं म्हणजे थरथर. नवा क्रॉसही लंगडणारच. दोष त्याचा नव्हता, तिनं त्याला उगाच फाशी दिली होती.

ॲक्सलला मुरगळू न देण्याचं काम कमानीचं. एकावर एक रचलेले पोलादी पाटे, आणि त्यांना आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट. आत्यानं बॅटरी धरली. सगळं गंजलेलं, धूळ बसलेलं, फक्त नट चकचकीत. आणि बोल्टांची टोकं नटांच्या बाहेर भलतीच लांब आलेली. डावीकडे, उजवीकडे, सारखीच.

कंबर बारीक झाली की पट्ट्याचं टोक लांब उरतं.

दोन्ही कमानींतून कुणीतरी एकेक पाटा काढून घेतला होता.

दार

गुन्हा सापडला, गुन्हेगारही सापडल्यासारखाच होता. जावई गाडी घेऊन गेला, पाटे काढून आणले, काचा फुटल्या, ड्रायव्हर गेला, आता मित्राची गाडी येईल. आत्या हातात पाना घेऊन दुकानाकडे निघाली. रस्त्यानं तिला वाट दिली.

दारातच ती थांबली.

वहिनी काचा ठेवायच्या चौकटीत एक काच निजवत होत्या. हे काम त्या कुणाला करू देत नसत. काचेखाली लोकरीचा नमदा, मग दुमडलेलं कांबळं, कोपऱ्यांना चिंध्या. शेवटी त्यांनी काचेवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

आत्याच्या हातातला पाना खाली आला.

काचा फोडायच्या असत्या, तर एक नट ढिला केला असता. कुणाला कळलंही नसतं. पण इथं दोन्ही बाजूंचे पाटे काढले होते, मोजून सारखे, आणि नट इमानानं आवळले होते. पैसे देऊन, चांगल्या हातून करून घेतलेलं काम. हे काच फुटावी म्हणून केलं नव्हतं. फुटू नये म्हणून केलं होतं.

ती इतके दिवस काचेचा वैरी शोधत होती.

समोरासमोर

मधे शिंपी नव्हता, चहावाला नव्हता. म्हणून आत्याला स्वतःच बोलावं लागलं.

"वहिनी, कमानीचे पाटे तुम्ही काढायला लावलेत."

काउंटरमागून जावई म्हणाला, "सासूबाई, तुम्ही काही बोलू नका." दुसरा पुरावा लागला नाही.

वहिनींनी हात काचेवरून काढला नाही. "लावले. मग? खड्ड्यात गाडी दगडासारखी आपटायची. माझी काच आत रडायची. आता मऊ झाली की नाही? विचारा कुणालाही."

"खड्ड्यात मऊ झाली. उठताना मुरगळते."

"पलीकडच्या गॅरेजवाल्यानं तर काही म्हटलं नाही."

"माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात, वन्सं."

"म्हणालेच असते."

"मग?"

आत्या पुढं झाली. तिनं पाना काउंटरवर ठेवला आणि वहिनींचं मनगट धरलं. मूठ घट्ट आवळायला सांगितली आणि पिळलं. मनगट हललं नाही. मग हात सैल सोडायला सांगितला, पुन्हा पिळलं. वहिनींचा अख्खा कोपर वर आला. आत्या म्हणाली, पाटे म्हणजे ही मूठ. तुम्ही ती सैल केलीत. आता गाडी जोर लावते तेव्हा कोपर उडतो, आणि मागं उभी असलेली काच ते सगळं अंगावर घेते.

वहिनी आपल्या कोपराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं.

जावई घाईनं सांगू लागला. त्या दिवशी गाडी रिकामी होती, त्याला काही जाणवलं नाही. हे खरं असू शकत होतं, पुट्टीचा गोळा साक्षीला होता. पण ड्रायव्हर या काउंटरसमोर उभा राहून गाडी थरथरते म्हणाला, तेव्हा गाडीला काय केलंय हे तुला माहीत होतं, असं आत्या म्हणाली.

"सासूबाईच म्हणाल्या होत्या, कुणाला सांगू नका म्हणून."

हेही खरं होतं. मग आत्याचं 'माहीत होतं' हे वाक्य दुकानात सगळ्यांभोवती फिरलं आणि वहिनींपाशी येऊन थांबलं, कारण ड्रायव्हर बोलला तेव्हा त्याही तिथंच होत्या. त्यांनाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, दोन्ही गोष्टींचा संबंध असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

आत्यानं मान हलवली. जावयाला खरंच कळलं नव्हतं, की कळूनही तो गप्प बसला? वहिनींना सुचलं नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं? माणसाच्या आत काय मुरगळतं ते मोजायला पुट्टी नाही.

दुरुस्ती

पाटे परत आले, बोल्ट नवे लागले. नाकाचा आणि गिअरबॉक्सचा कोन आत्यानं जुळवून घेतला, एका बाजूला पातळ पाचर घालून. काचांच्या पेट्या भरून गाडी चढावर उचलली, पुन्हा पुन्हा. गोळा गोल राहिला. खड्ड्यात गाडी पुन्हा आपटू लागली, म्हणून आत्यानं गाडीतल्या चौकटीखाली जाड रबर टाकलं आणि वहिनींना निरोप न पाठवता स्वतः जाऊन सांगितलं, की मऊ करायचं ते काचेखाली करा, चाकावर नाही.

चढ

ड्रायव्हरला बोलवायला वहिनी स्वतः गेल्या. तो आला, पण निळा शर्ट घालून नाही. म्हणाला, आरसा पोचवतो, पुढचं पुढं बघू.

नवा आरसा चौकटीत उभा केला. या वेळी भाच्यानं चारी कडा घासल्या होत्या, आत्यानं बोट फिरवून पाहिलं. केबिनमध्ये तिघं बसले. ड्रायव्हर, दाराशी वहिनी, आणि मधे, गिअरचा दांडा गुडघ्यात घेऊन, आत्या. नणंद-भावजयींचे खांदे एकमेकींना लागत होते, आणि दोघी समोरच बघत होत्या.

चढाच्या मध्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला.

मागून हॉर्न सुरू झाले. वहिनींनी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही. इथं थांबून उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो, आरसा इथंच तडकला होता. मग त्यानं गाडी तशीच उभी ठेवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. हॉर्न वाढले. कुणीतरी शिवी दिली.

"बाई, जे बोललात ते चारचौघांत बोललात," तो म्हणाला.

आत्या मधे पडायला निघाली आणि मागं टेकली. ही तिच्या दुरुस्तीतली गोष्ट नव्हती.

वहिनींनी दार उघडलं. साडी सावरत उतरल्या आणि गाडीच्या मागं गेल्या. तिथं स्कूटरवाला होता, त्याच्यामागं रिक्षा, त्याच्यामागं आणखी बरेच, सगळे हॉर्नवर हात ठेवून. वहिनींनी हात वर केला.

"थांबा जरा. काचा माझ्यामुळे फुटल्या. यांच्यामुळे नाही."

स्कूटरवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "बरं," तो म्हणाला. "मग आता जाऊ द्या की."

रिक्षावाल्यानं काय झालं म्हणून विचारलं. वहिनींनी त्यालाही सांगितलं, पूर्ण वाक्य, पुन्हा पहिल्यापासून. मग परत येऊन बसल्या, धापा टाकत. त्यांचा खांदा आत्याच्या खांद्याला टेकला आणि तिथंच राहिला.

ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला. ब्रेक सुटला. आत्यानं वाकून पायाखालच्या पत्र्यावर तळवा ठेवला. गाडी उठली. तळव्याखाली खडी होती, डांबर होतं, चाकं फिरत होती. बाकी काही नव्हतं.

चढ संपल्यावर गोगलगायीनं विचारलं, उद्या पहिली काच कुठं पोचवायची आहे. वहिनींनी पत्ता सांगितला. त्यानं तो दोनदा म्हणून घेतला.